जॅक कूम्ब्स कॉलेजात कोच झाला, ती उतरती कळा होती का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी तो थोडक्यात सांगतो. तुम्ही २६ वर्षांचे, बेसबॉलमधले पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणारे. विद्यापीठाकडून तीन वेळा आंतरविद्यापीठ खेळलात, एम.पी.एड. झालंय. वर्षभरापासून उजवा खांदा दुखतोय. एका कॉलेजने तासिका तत्त्वावर शिकवायला आणि मुलांचा बेसबॉलचा संघ उभा करायला बोलावलंय. घरचे म्हणतात, 'खेळता येईना म्हणून शिकवायला लागला, असं लोक बोलतील.' याच काळात तुमच्या वाचनात शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन पिचर जॅक कूम्ब्स आला आणि तुम्ही विचारलंत: एका हंगामात ३१ सामने जिंकलेला माणूस पुढची तीसेक वर्षं कॉलेजच्या पोरांना शिकवत बसला, याला उतरती कळाच म्हणायचं ना?

मी २७ वर्षं कॉलेजच्या मुलामुलींना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवतोय. कूम्ब्सची कारकीर्द मी आकड्यांसकट बारकाईने पाहिली आहे, कारण माझ्या कामात तिचा मला उपयोग झाला. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत असं मला वाटतं. एक कूम्ब्सचा. दुसरा तुमचा: 'मी शिकवायला गेलो तर माझ्यातला खेळाडू संपला असं होईल का?' पहिल्याचं उत्तर नीट दिलं की दुसऱ्याचं बरंचसं सुटतं. उरलेलं तुमच्या खांद्यावर, घरच्या परिस्थितीवर आणि त्या कॉलेजवर अवलंबून आहे. त्याकडे शेवटी येतो.

कूम्ब्सचा जन्म १८८२ चा, आयोवातला. पुढे तो मेन राज्यात वाढला आणि तिथल्याच वॉटरव्हिल गावच्या कोल्बी कॉलेजात रसायनशास्त्र शिकला. १९०६ मध्ये पदवी घेतली आणि त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सकडून थेट वरच्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, उतरला. संघाचा मॅनेजर कॉनी मॅक. मॅकला कॉलेजातले खेळाडू आवडायचे. एडी कॉलिन्स कोलंबियाचा, जॅक बॅरी होली क्रॉसचा, कूम्ब्स कोल्बीचा. त्या काळात धंदेवाईक बेसबॉलमध्ये शिकलेली पोरं कमी असायची, आणि मॅकने मात्र त्यांच्यावरच संघाचा पाया रचला. कूम्ब्सला लोक 'कोल्बी जॅक' म्हणायचे. ५ जुलै १९०६ ला वॉशिंग्टनविरुद्ध पहिला सामना, आणि त्यातच शटआऊट, म्हणजे समोरच्यांना एकही रन न देता ३-०.

त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते. १ सप्टेंबर १९०६, बोस्टन. त्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण प्रत्येक नव्या बॅचला मी तो सांगतो. सामना १-१ वर अडकला. ठरलेल्या नऊ इनिंग झाल्या, बारा झाल्या, अठरा झाल्या. दोन्ही संघांनी पिचर बदलला नाही. अखेर चोविसाव्या इनिंगमध्ये फिलाडेल्फियाने तीन रन काढल्या आणि ४-१ ने जिंकले. चार तास सत्तेचाळीस मिनिटं. कूम्ब्सने सगळ्या २४ इनिंग टाकल्या आणि १८ जणांना स्ट्राइक आऊट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं. समोर बोस्टनचा पिचर जो (Joe) हॅरिस होता. त्यानेही सगळ्या २४ इनिंग टाकल्या. त्याचं नाव कुणाला आठवत नाही. त्या हंगामात हॅरिस २ जिंकला आणि २१ हरला, पुढच्या वर्षी एकही न जिंकता सात हरला आणि तिथून वरच्या लीगमधून गेला तो गेलाच.

आज १७-१८ वर्षांच्या पिचरसाठी अमेरिकेत जी मार्गदर्शक मर्यादा पाळतात ती दिवसाला १०५ चेंडूंची आहे. चोवीस इनिंगमध्ये किती चेंडू पडले असतील याचा हिशेब तुम्ही पिचर आहात तेव्हा तुम्हीच करा. मुलांना मी हे विक्रम म्हणून सांगत नाही. एकाच दिवशी, एकाच मैदानावर दोन हातांचं काय झालं ते बघा, एवढंच सांगतो.

आता आकडे. बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय किंवा पराभव पिचरच्या नावावर लागतो. तुम्ही ३१ विजयांचा उल्लेख केलात, पण त्या ३१ च्या आधी आणि नंतर काय होतं ते पाहिलंय का? १९०६ ते १९०९ अशी पहिली चार वर्षं: १० विजय, १० पराभव, मग ६ आणि ९, मग ७ आणि ५, मग १२ आणि ११. बेरीज करा. ३५ विजय, ३५ पराभव. चार वर्षं हा माणूस बरोबर मधोमध उभा होता. १९०८ मध्ये तर त्याला बरेच सामने आऊटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात, खेळवलं.

मग १९१०. ३१ विजय, ९ पराभव, १३ शटआऊट. एका हंगामातल्या शटआऊटचा हा अमेरिकन लीगचा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. सलग ५३ इनिंग त्याने एकही रन दिली नाही; तो विक्रम १९१३ मध्ये वॉल्टर जॉन्सनने मोडला. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, शिकागो कब्जविरुद्ध १८, २० आणि २३ ऑक्टोबरला, म्हणजे सहा दिवसांत तीन पूर्ण सामने टाकून तिन्ही जिंकले. त्या अख्ख्या मालिकेत मॅकने दोनच पिचर वापरले, चीफ बेंडर आणि कूम्ब्स. १९११ मध्ये २८ विजय, आणि वर्ल्ड सिरीजमध्ये ख्रिस्टी मॅथ्यूसनसारख्या पिचरला अकरा इनिंगमध्ये ३-२ ने हरवलं. १९१२ मध्ये २१. तीन वर्षांत ८० विजय आणि ३१ पराभव.

आणि १९१३ च्या सुरुवातीला टायफॉइड. तो ताप पाठीच्या कण्यापर्यंत गेला. १९१३ आणि १९१४ या दोन्ही वर्षांत मिळून तो चारच सामन्यांत दिसला. तेव्हा त्याचं वय ३० ते ३२, पिचरच्या हातात जोर आणि डोक्यात अनुभव दोन्ही असायचं वय. १९१४ नंतर मॅकने त्याला सोडलं. ब्रुकलिनने घेतलं.

पुढची चार वर्षं, १९१५ ते १९१८, माझ्या दृष्टीने त्याच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची. १५ विजय १० पराभव, १३ आणि ८, ७ आणि ११, ८ आणि १४. पुन्हा बेरीज करा. ४३ विजय, ४३ पराभव.

हे आकडे पहिल्यांदा एकाखाली एक मांडले तेव्हा मी कितीतरी वेळ वहीकडे बघत होतो. आधी ३५-३५, मध्ये ८०-३१, नंतर ४३-४३. लोकांना मधले तीन हंगाम आठवतात. मला कोच म्हणून दोन्ही बाजूंची आठ वर्षं दिसतात.

का ते सांगतो. १९१० मध्ये त्याने ३५३ इनिंगमध्ये २२४ जणांना स्ट्राइक आऊट केलं होतं. १९१५ मध्ये जवळजवळ १९६ इनिंगमध्ये ५६. दर नऊ इनिंगमागे साडेपाचच्या वरून अडीचवर आला. म्हणजे पूर्वी जो बॅटर चेंडू चुकवून परत जायचा, तो आता चेंडूला बॅट लावत होता. तरीही १९१५ चा हंगाम १५-१० असा गेला. चेंडू लागतोय, पण कुठे लागतोय, कसा लागतोय, मागे उभे असलेले सात जण कुठे उभे आहेत, हे सगळं त्याला आता सांभाळावं लागत होतं. स्ट्राइक आऊट करणाऱ्या पिचरला मागच्यांकडे बघावं लागत नाही. चेंडू खेळू देऊन बॅटर बाद करणाऱ्याला अख्खं मैदान डोक्यात ठेवावं लागतं. कोचचं काम नेमकं हेच.

१९१६ ची वर्ल्ड सिरीज घ्या. ब्रुकलिन बोस्टनकडून ४-१ ने हरलं. तो एकमेव विजय कूम्ब्सचा, तिसऱ्या सामन्यात, ४-३. पण सामना त्याने पूर्ण केला नाही. सातव्या इनिंगमध्ये लॅरी गार्डनरने होमरन मारली, कूम्ब्स बाहेर आला आणि उरलेला सामना जेफ फेफरने सांभाळला. दहा वर्षांपूर्वी बोस्टनविरुद्धच चोवीस इनिंग उभा राहिलेला माणूस आता सातव्यात बाहेर येतो आणि संघ जिंकतो. त्याची वर्ल्ड सिरीजमधली नोंद शेवटी ५ विजय, एकही पराभव नाही अशी राहिली. पाचातला हा पाचवा विजय मला सगळ्यांत जास्त शिकवून गेला.

आता माझा एक अनुभव सांगतो, म्हणजे हे नुसतं वाचून बोलतोय असं वाटायला नको. मी कोच झालो त्याच्या चौथ्या-पाचव्या वर्षी माझ्याकडे एक पिचर होता, उंचपुरा, हाताला भन्नाट वेग. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उपांत्य सामना त्याने पूर्ण टाकला. दुसऱ्या दिवशी अंतिम. सकाळी त्याने मला सांगितलं, 'सर, हात जड वाटतोय.' मी म्हटलं, 'दोन इनिंग बघू, मग बदलू.' बदललं नाही. आम्ही जिंकलो, माझा सत्कार झाला, आणि तो मुलगा त्या हंगामात पुन्हा पूर्ण ताकदीने चेंडू टाकू शकला नाही. तेव्हा मी चेंडू मोजत नव्हतो. आज माझ्या वहीत प्रत्येक पिचरच्या प्रत्येक दिवसाचे चेंडू लिहिलेले असतात, नेटमधलेसुद्धा. जो हॅरिसची गोष्ट मी मुलांना सांगतो ती या मुलासाठी.

त्याच मुलाला पुढच्या वर्षी मी उभा केला तो वेगावर नाही. दोन बांबू आणि दोऱ्या लावून प्लेटच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या पाटीच्या, वर स्ट्राइक झोनची चौकट बांधली, रुंदी प्लेटइतकी, सतरा इंच. आत उभी-आडवी एकेक दोरी, म्हणजे चार घरं. साठ फूट सहा इंचांवरून त्याने दिवसाला तीसच चेंडू टाकायचे, निम्म्या जोराने, आणि कुठल्या घरात टाकणार ते आधी बोलायचं. पहिल्या आठवड्यात तीसपैकी सातआठ बरोबर पडायचे. मग चेंज-अप, म्हणजे मुद्दाम हळू जाणारा चेंडू, शिकवला. चेंडू बोटांच्या टोकांऐवजी तळव्याकडे मागे ढकलून धरायचा, अंगठा आणि तर्जनीची गोल कडी बाजूला, आणि हात मात्र फास्टबॉल टाकताना फिरतो तितक्याच वेगाने फिरवायचा. मुलं इथेच चुकतात. चेंडू हळू जावा म्हणून हात हळू करतात आणि बॅटरला आधीच कळतं. या मुलाला ते कळायला दोन महिने लागले. कळल्यावर मात्र त्याने मला न सांगता स्वतःच्या दोन ज्युनिअर पोरांना शिकवायला घेतलं. वेग होता तेव्हा तो कुणालाच काही सांगू शकत नव्हता. विचारलं तर म्हणायचा, 'बस टाकतो, सर.' वेग गेल्यावर त्याला शब्द सापडले.

कूम्ब्सच्या बाबतीत मला हेच झालेलं दिसतं. चार वर्षं तो शिकत होता, तीन वर्षं सगळं हातात आपोआप येत होतं, आणि नंतरची चार वर्षं जे येईनासं झालं त्याच्या जागी दुसरं काहीतरी विचार करून उभं करत होता. शिकवता येतं ते पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यातलं. मधल्या टप्प्याचं नुसतं कौतुक होतं.

तुम्ही असंही विचारलंत की मोठा खेळाडू आपोआप मोठा कोच होतो का. कूम्ब्सचंच उदाहरण घ्या. १९१९ मध्ये त्याला फिलाडेल्फिया फिलीजचं, म्हणजे त्याच शहरातल्या दुसऱ्या संघाचं, मॅनेजरपद मिळालं. १८ विजय, ४४ पराभव, आणि हंगामाच्या मध्यावरच त्याच्या जागी गॅव्ही क्रॅव्हथ आला. त्या संघाचा सगळ्यात भारी पिचर, ग्रोव्हर अलेक्झांडर, दीड वर्ष आधीच शिकागोला दिला गेला होता, म्हणून सगळा दोष कूम्ब्सवर टाकणं बरोबर नाही. पण तेवढ्यावरून कुणी म्हणालं असतं की हा माणूस संघ चालवू शकत नाही, तर त्या दिवशी ते खोटं ठरवायला त्याच्याकडे काही नव्हतं.

दोन वर्षांत तो मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात कोच झाला, मग प्रिन्स्टनला, आणि १९२९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहम गावी ड्यूक विद्यापीठात. ड्यूकला तो १९५२ पर्यंत होता. चोवीस हंगाम, ३८१ विजय.

फिलीज आणि ड्यूकमधला फरक समजून घ्या, कारण तुमच्यापुढची नोकरी दुसऱ्या प्रकारची आहे. धंदेवाईक संघाच्या मॅनेजरला आज असलेल्या माणसांतून आजचा सामना काढायचा असतो. कुणी चालत नसेल तर दुसरा आणायचा. कॉलेजच्या कोचकडे दरवर्षी अठरा वर्षांची नवी पोरं येतात आणि तीनचार वर्षांनी, जेव्हा खरी खेळायला लागतात तेव्हा, निघून जातात. बदलून आणायची सोय नसते. जी आली ती घडवायची. हॅरिससारख्या पोराला चोविसाव्या इनिंगआधी थांबवायचं, हीसुद्धा त्याचीच जबाबदारी. त्या कामाला लागणारं सामान कूम्ब्सकडे भरपूर होतं.

त्याच्या हाताखालून गेलेली नावं बघा. बिली वर्बर ड्यूकमधून न्यूयॉर्क यांकीजकडे गेला आणि पुढे अमेरिकन लीगमध्ये चोरलेल्या बेसच्या (पिचरला चकवून पळत पुढचा बेस गाठण्याच्या) यादीत तीनदा सगळ्यांच्या वर राहिला. एस पार्कर ड्यूकला फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळला, पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि मेजर लीग बेसबॉलमधल्या त्याच्या पहिल्याच बॅटिंगला होमरन मारली. कुणाकडून? फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सकडून. मॅनेजर अजूनही कॉनी मॅक. लॉरेन्स डेव्हिस नावाचा आणखी एक ड्यूकचा मुलगा १९४० मध्ये मॅककडेच गेला. वर्बरही एकदा मॅककडे खेळून आला. ज्याने कूम्ब्सला १९०६ मध्ये कॉलेजातून उचललं आणि १९१४ नंतर सोडून दिलं, त्याच्या संघात कूम्ब्सची पोरं पंचवीसतीस वर्षांनी जात होती. आणि डिक ग्रोट. ड्यूकचा बास्केटबॉलचा ऑल अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक कॉलेज खेळाडूंतला, आणि बेसबॉलमध्ये शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा. १९५२ मध्ये एकही दिवस खालच्या लीगमध्ये न घालवता पिट्सबर्ग पायरेट्समध्ये उतरला. १९६० मध्ये नॅशनल लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.

या चौघांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. यातला एकही पिचर नाही. सगळे इनफिल्डर, म्हणजे बेसांजवळ उभे राहणारे. ३१ सामने जिंकलेल्या पिचरच्या हाताखालून नाव काढलेले हे चौघे तिसऱ्या बेसवरचे, दुसऱ्या बेसवरचे, शॉर्टस्टॉपला उभे राहणारे. म्हणजे तो त्यांना स्वतःचा हात देत नव्हता, खेळ देत होता. १९३८ मध्ये त्याने बेसबॉलचं एक पाठ्यपुस्तक लिहिलं. एकेका जागेवरच्या खेळाडूचा वैयक्तिक खेळ आणि अख्ख्या संघाचे डावपेच असे दोन्ही भाग त्यात आहेत. रसायनशास्त्र शिकलेला माणूस, मैदानावरची प्रत्येक गोष्ट वेगळी करून, नाव देऊन, क्रमाने मांडणारा. शिक्षणाचा त्याला उपयोग झाला नाही असं कुणी म्हणू नये.

आणि हे एकट्या कूम्ब्सपुरतं नाही. १९१० च्या ॲथलेटिक्समध्ये कूम्ब्सच्या मागे शॉर्टस्टॉपला जॅक बॅरी उभा असायचा. तोही १९२१ पासून कॉलेज कोच, स्वतःच्याच होली क्रॉस कॉलेजात, मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला. कूम्ब्सच्या चार वर्षं आधी मॅककडे आलेला अँडी कोकली कोलंबियाचा कोच झाला आणि त्याच्या हाताखाली लू गेरिग घडला. त्या काळच्या कॉलेजांना खेळातली आणि पुस्तकातली, दोन्ही भाषा बोलणारी माणसं हवी होती आणि मॅकच्या संघात ती तयार झाली होती.

१९५२ चा उन्हाळा बघा. ओमाहामध्ये कॉलेज वर्ल्ड सिरीज. आठ संघ. त्यात ड्यूक, कोच जॅक कूम्ब्स, त्याचा शेवटचा हंगाम. आणि त्यातच होली क्रॉस, कोच जॅक बॅरी. विजेतेपद होली क्रॉसने घेतलं. १९१० मध्ये वर्ल्ड सिरीज एकत्र जिंकलेले दोन खेळाडू, बेचाळीस वर्षांनी, एकाच स्पर्धेत, आपापल्या पोरांना घेऊन. त्यांच्याकडे बघून 'खेळता येईना म्हणून शिकवतायत' असं कुणाला म्हणता येईल का? तुमच्या घरच्यांना हे सांगा. माझ्या आईला मी सांगितलं होतं.

म्हणजे कूम्ब्सबद्दल माझं म्हणणं एवढं की त्याच्या कारकिर्दीचे दोन तुकडे करू नका. कोच व्हायचं शिक्षण त्याने खेळतानाच घेतलं, आणि तेही मुख्यतः त्या वर्षांत जेव्हा तो जितके जिंकत होता तितकेच हरत होता.

आता तुमचं. इथे मी ठाम सांगू शकत नाही, कारण बरंच परिस्थितीवर आहे.

खांदा आधी. वर्षभर दुखणारा खांदा बाम लावून बरा होत नाही. खेळाच्या दुखापतींचा अनुभव असलेल्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा, सांगतील तर एमआरआय करा. रोटेटर कफ (खांद्याभोवतीचे स्नायू) आहे की लॅब्रम (सांध्यातली कूर्चा), की नुसता स्नायूंचा असमतोल, हे कळल्याशिवाय 'खेळू की शिकवू' हा प्रश्न अर्धवट आहे. समजा फिजिओथेरपीने सुटणारं असेल, तर शिकवता शिकवता खेळायलाही हरकत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. कोच म्हणून बॅटिंग प्रॅक्टिसला दिवसाला शंभरदीडशे चेंडू स्वतः टाकायची सवय लागते. माझा स्वतःचा खांदा त्यानेच गेला. पहिल्या दिवसापासून ते काम पोरांत वाटून द्या.

मग पैसे. तासिका तत्त्वाचं मानधन तासांवर असतं, सुट्टीत ते थांबतं, आणि वेळेवर येईल याची खात्री धरू नका. घर तुमच्यावर चालत असेल तर याचा हिशेब आधी मांडा. पुढे कायमच्या क्रीडा संचालकाच्या जागेसाठी एम.पी.एड.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते. पहिल्या दोन वर्षांतच सेटची तयारी सुरू करा, कारण संघ एकदा उभा राहिला की संध्याकाळ तुमची राहत नाही. मी स्वतः सेट उशिरा दिली आणि त्याचे परिणाम बरीच वर्षं भोगले.

मग कॉलेज. भेटायला जाल तेव्हा मानधनाबरोबर मैदानाचंही विचारा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मैदानाच्या मधोमध क्रिकेटचं पिच असतं आणि बेसबॉलला कोपरा मिळतो. मातीची गोणी रचून कामचलाऊ माउंड, म्हणजे पिचरचा उंचवटा, करू देतील का? कॅचरचं साहित्य, मास्क, चेस्ट गार्ड, लेग गार्ड, निदान दोन संच घेतील का? मास्क नसेल तर कॅचरला प्लेटमागे बसवू नका, मग प्राचार्य काहीही म्हणोत. आणि मुलींचा संघही करायला मिळेल का ते विचारा. माझ्याकडे सॉफ्टबॉलमधून आलेल्या मुलींनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या शिबिरात शिकलो नाही.

शेवटची गोष्ट कुणी विचारणार नाही, तुम्हीच स्वतःला विचारा. एखाद्या पोराने तुमच्यासमोर, तुम्हाला कधी जमला नाही तसा कर्व्ह (वळणारा चेंडू) टाकला, तर मनात काय येतं? आनंद होतो की हात शिवशिवतो? दोन्ही झालं तर तेही स्वाभाविक आहे. पण आनंद बिलकुल होत नसेल तर अजून थांबा, खेळा, बरे व्हा, आणि दोन वर्षांनी या. वय तुमच्या बाजूने आहे. कूम्ब्स विल्यम्स कॉलेजात कोच झाला तेव्हा ३८ वर्षांचा होता.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. हो म्हणायच्या आधी एक वही घेतली असती. तुम्ही खेळलेल्या तिन्ही आंतरविद्यापीठ स्पर्धांतले जे सामने तुम्ही हरलात ते आठवून लिहा. कुठल्या इनिंगमध्ये, कितव्या चेंडूच्या आसपास, कुठली पिच मारली गेली, तेव्हा शॉर्टस्टॉप कुठे उभा होता, तुमचा हात कसा होता आणि तुम्ही कोचला ते सांगितलंत का. जिंकलेल्या सामन्यांबद्दल पान-अर्धं पान होईल. हरलेल्यांबद्दल वही भरेल, आणि पहिल्या वर्षी मुलांना काय शिकवायचं ते त्याच वहीत निघेल.

डॉक्टरांकडे जाऊन आलात की इथेच लिहा. कुठल्या हालचालीला दुखतं, हात वर नेताना की चेंडू सुटल्यानंतर, तेही लिहा. त्यावरून पहिल्या महिन्यात तुम्ही पोरांना स्वतः काय करून दाखवावं आणि काय फक्त तोंडी सांगावं, ते मी ठरवून देईन.